फवारणीच्या मधेच बंद पडणारा ट्रॅक्टर: नवख्यांसाठी डिझेल इंजिनाची तपासणी

द्राक्षाची गोडी छाटणी झाली, फुटवे निघाले आणि रात्रीतून पाऊस पडून गेला, की सकाळी डाऊनी या बुरशीच्या रोगावरचा फवारा टाळून चालत नाही. नाशिकच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात हे कुणाला वेगळं सांगायला नको. नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर बागेच्या मधल्या ओळीत दोन-तीन गचके खातो आणि बंद पडतो. पंधरा मिनिटं थांबलं की चालू होतो, अर्ध्या तासाने परत तेच. टाकीत कालवलेलं औषध तसंच, आणि मेकॅनिक दुसऱ्याच्या बागेत.

ज्यांच्या हातात घरचा ट्रॅक्टर नुकताच आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बागेत चालणारे दोन-तीन सिलिंडरचे मिनी ट्रॅक्टर डोळ्यासमोर ठेवलेत, म्हणजे डिझेल दाबून इंजिनाला देणारा साधा मेकॅनिकल पंप असलेले. विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन किंवा जनरेटर असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात. अपवाद कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनांचा. जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक प्रदूषण नियम लागले आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांत कॉमन रेल आली. तिथे पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, त्यामुळे खाली सांगितलेलं नट सैल करण्याचं काम त्या इंजिनावर अजिबात करायचं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ अशा तक्रारीत दोष बहुतेक वेळा टाकी ते पंप या दोन-तीन फुटांत असतो, आणि तोही किरकोळ किमतीच्या वस्तूत. आपल्याकडे मात्र पहिला हात जातो पंपाला आणि इंजिनाच्या नोझलला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाला. टाकीचं झाकण, पाइप, फिल्टर बघून झाल्याशिवाय पंप कुणालाही खोलू देऊ नका. पंपाची सेटिंग डिझेल पंप दुरुस्तीच्या लॅबमधल्या मशिनवर केलेली असते. बांधावर बसून ती फक्त बिघडवता येते.

पाना हातात घेण्याआधी

इंजिन कसं बंद पडलं ते नीट आठवा, जमलं तर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पाच-सहा गोष्टी पुरतात: चालू केल्यापासून किती वेळाने पडलं, फवारणीचा ब्लोअर चालू होता का, चढावर होतं की सपाटीला, टाकीत डिझेल किती होतं, धूर कोणत्या रंगाचा होता, आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला.

यातूनच अर्धा निकाल लागतो. इंजिन वर-खाली होत, दम सोडत बंद पडलं तर त्याला डिझेल मिळत नाहीये. किल्ली फिरवल्यासारखं एका क्षणात गप्प झालं, तर स्टॉप सोलेनॉइडची वायर बघा. ज्या ट्रॅक्टरला किल्लीने बंद होणारं सोलेनॉइड आहे, त्याची एक सैल पिन इंजिन जागच्या जागी थांबवते. जुन्या पद्धतीचा ओढायचा स्टॉप नॉब असेल तर केबल अर्धवट अडकून राहिली नाही ना ते पाहा. आणि इंजिन जड होत होत, गरम वास सुटून थांबलं असेल तर सेल्फ मारू नका, थेट खालच्या गरम होण्याच्या भागाकडे जा.

हत्यारं फार लागत नाहीत. 8 ते 19 नंबरचे पाने, पेचकस, पक्कड, स्वच्छ सुती फडकं, एक पारदर्शक बाटली, दोन-तीन फूट पारदर्शक डिझेल पाइप, क्लिपा, तांब्याची वॉशरं आणि साधा मल्टिमीटर.

फवारणीच्या मधे थांबला असाल तर आधी साबणाने हात धुवा. औषधाच्या हाताने इंजिनात हात घालू नका. पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा) बंद, हँडब्रेक ओढलेला, गळ्यातला गमछा काढून ठेवलेला. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालवून तपासणी करायची नाही.

पहिली पायरी: टाकीचं झाकण

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि वगळली जाते तीही हीच. टाकीतून डिझेल जसं खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. बागेत धूळ आणि गंधकाची भुकटी त्यावर बसते, वर औषधाचे शिंतोडे उडून थर घट्ट होतो, आणि भोक बुजतं. मग टाकीत पोकळी तयार होते, डिझेल खाली यायचं थांबतं आणि इंजिन भुकेने मरतं. थोडं थांबलं की हवा कशीतरी आत शिरते आणि गाडी परत चालू होते.

पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर झाकण हळूच सैल करा आणि कान द्या. ‘स्सस्’ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला तर दोष सापडला. आवाज नीट कळला नाही तर झाकण सैल ठेवून सपाटीवर अर्धा तास चालवून बघा. बंद पडलं नाही तर झाकण काढून डिझेलमध्ये धुवा, बारीक तारेने भोक मोकळं करा. झाकण हरवलं म्हणून टाकीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली मी कितीतरी ट्रॅक्टरांवर पाहतो. त्यातही हाच घोटाळा होतो, वर पाणी आत जातं ते वेगळंच.

दुसरी पायरी: पाणी आणि गाळ

टाकीच्या खाली किंवा फिल्टरच्या आधी बहुतेक ट्रॅक्टरांना काचेची वाटी असते. तिच्याकडे रोज बघायची सवय लावून घ्या. चांगलं डिझेल स्वच्छ आणि फिकट पिवळसर दिसतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी वेगळा थर करून बसतं. वाटी हलवली की तो थर एका जागी गोळा होऊन फिरतो आणि डिझेलमध्ये मिसळत नाही. तळाशी काळसर, बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीत पाणी बरेच दिवस साचलंय. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढतात, त्यांचा हा चिखल. एक-दोन वेळा फिल्टर बदलून तो जात नाही. टाकी उतरवून धुवावी लागते.

वाटी नसेल तर कॉकखालून किंवा फिल्टरच्या ड्रेन स्क्रूमधून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि अर्धा तास उभं ठेवा. थर दिसला की उत्तर मिळालं.

पाणी येतं कुठून? काही पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या ड्रममधून, काही डिझेल आणायच्या कॅनमधून, आणि काही हवेतूनच. टाकी अर्धी रिकामी असली की दिवसाच्या दमट हवेतलं बाष्प रात्रीच्या गारव्यात पत्र्यावर जमतं. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, सकाळी नाही. ड्रममधून काढताना पाइप तळापर्यंत सोडू नका, चार बोटं वर ठेवा. ज्या कॅनमध्ये कधी औषध होतं तो डिझेलला वापरायचाच नाही, कितीही धुतलेला असला तरी.

टाकीच्या तोंडाला जाळी असते. ती ओतताना वेळ लागतो म्हणून लोक काढून टाकतात. ती परत बसवा. टाकीच्या आतल्या तोंडाशी पान किंवा प्लास्टिकचा तुकडा येऊन बसला की चढावर इंजिन मरतं आणि उतारावर बरं चालतं. हे कोडं वर लिहून ठेवलेल्या नोंदीवरूनच सुटतं.

तिसरी पायरी: एअर धरलंय का?

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्यात नोझलने डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. हा फवारा मारायला पंपाला पाइपात शंभर ते दोनशे बारच्या घरात दाब तयार करावा लागतो. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून दाब पुढे पोचतो. हवा दाबली जाते. पंपात एक बुडबुडा शिरला की पंपाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझल उघडतच नाही.

हवा शिरते कुठून हे समजायला टाकी पंपाच्या वर आहे की खाली ते बघा. वर असेल तर सैल सांध्यातून डिझेल बाहेर ठिबकतं आणि डाग दिसतो. खाली असेल तर फीड पंप नावाचा वेगळा छोटा पंप डिझेल वर ओढत असतो, त्यामुळे सैल सांधा बाहेर थेंबही टाकत नाही, उलट हवा आत ओढतो. वरून सगळं कोरडं दिसतं, म्हणून हा दोष दिवसदिवस सापडत नाही.

सापडवायची युक्ती सोपी आहे. फीड पंपाच्या आधीचा रबरी पाइप काढून तिथे पारदर्शक पाइप लावा, क्लिपा घट्ट करा आणि इंजिन चालवा. नुसत्या आयडलवर चार-दोन बुडबुडे येतील, रेस दिली की त्यांची माळच सुटेल. मग टाकीच्या दिशेने मागे जात एकेक सांधा घट्ट करा आणि बुडबुडे कुठे थांबतात ते बघा. बहुतेकदा दोष क्लिपेखाली चिरलेल्या रबरी पाइपात असतो, नाहीतर बँजो बोल्टच्या, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वॉशरात. एकदा दाबून बसलेलं वॉशर कडक होतं आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवीन हाताशी नसेल तर जुनं पकडीत धरून चुलीवर लाल करा, पाण्यात टाका आणि पुसून बसवा. तांबं त्याने परत मऊ होतं. लोखंडाला असं केलं तर उलटं होतं, तेव्हा सगळ्याच वॉशरांवर हा प्रयोग नको.

सांधा दुरुस्त झाला की आत अडकलेली हवा काढायची. क्रम टाकीकडून नोझलकडे. मधली पायरी सोडली तर पहिल्यापासून करावं लागतं.

1. टाकी निम्म्याच्या वर भरा, कॉक पूर्ण उघडा. फिल्टरच्या आजूबाजूची धूळ पुसून घ्या.

2. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) एक-दीड आटा सैल करा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी.

3. फीड पंपावरचा हातपंप दाबत राहा. टाकी वर असेल तर नुसतं थांबलं तरी डिझेल उतरतं. आधी फेस येईल, मग सुटे बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू घट्ट करा. धार थांबल्यावर आवळलात तर हवा परत आत गेलेली असते.

4. हेच पंपावरच्या ब्लीड स्क्रूला करा.

5. आता सेल्फ मारा. घेतलं तर काम झालं. नाही घेतलं तर नोझलवरचे दोन नट अर्धा आटा सैल करा, वर फडकं धरा, थ्रॉटल पूर्ण, स्टॉप नॉब आत. सेल्फ दहा सेकंद मारा. सांध्यातून डिझेल उसळून आलं की नट आवळा आणि पुन्हा सेल्फ द्या.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही, आणि मधे किमान एक मिनिट थांबा. सलग मारलात तर सेल्फची वाइंडिंग जळते आणि बॅटरी बसते. मग मूळ दोष बाजूला राहतो आणि दोन नवे होतात.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे म्हणून वेगळी सांगतो. नोझल बाहेर काढून, सेल्फ मारून, त्याचा फवारा हाताने तपासणारे लोक आहेत. तो फवारा कातडी फोडून आत जातो. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत आतलं मांस सडायला लागतं. असं झालंच तर मलम लावून घरी बसू नका. त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

चौथी पायरी: फिल्टर

फिल्टर चोंदला की आयडलवर सगळं ठीक वाटतं. ब्लोअर जोडून पूर्ण रेस दिली की इंजिन लोड घेत नाही, दम सोडतं. नवीन फिल्टर बसवताना रबरी रिंगला डिझेलचं बोट फिरवा, जुनी रिंग वरच चिकटून राहिली नाही ना ते पाहा, आणि नंतर वरच्या क्रमाने एअर काढा. जुना एलिमेंट पेट्रोलने धुवून परत घालायची पद्धत सोडून द्या. कागदाची बारीक छिद्रं धुण्याने मोठी होतात आणि पुढचा कचरा नोझलपर्यंत पोचतो.

नाशिककरांना नोझल ही वस्तू नवी नाही. सातपूरला बॉशच्या, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही मायकोच्या, कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर वर्षानुवर्षं बनतायत. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यात जागा असते ती जेमतेम दोन-चार मायक्रॉनची. तिथे धुळीचा एक कण गेला की सुई अडकते. फिल्टरचे पैसे वाचवून हा खर्च ओढवून घेणं मला तरी कधी पटलेलं नाही.

सेल्फच मारत नसेल तर

हा वेगळा आजार आहे, डिझेलशी त्याचा संबंध नाही. किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला तर आधी बॅटरीचे टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने घासा, आवळा आणि वर व्हॅसलिन लावा. बॅटरीतून चेसीला जाणारी अर्थची वायर लोक विसरतात. तिथे रंग किंवा गंज असला तर नवी बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते.

मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात, 12.2 म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. ते 12.5 वरच राहिले तर बॅटरी चार्ज होत नाहीये, मग पट्टा आणि अल्टरनेटर बघा. आकडे बरोबर आणि तरी किल्लीला काहीच प्रतिसाद नाही? क्लच आणि पीटीओ लिव्हरखालचे सेफ्टी स्विच तपासा. त्यात चिखल अडकतो.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या दिवसांत सकाळचं स्टार्टिंग जड जातं. गारठ्यात बॅटरीची ताकद उतरते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं. हीटर प्लग असलेल्या इंजिनाला मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ हीटर द्या. प्लग गेलाय का हे मल्टिमीटरच्या ओहमवर कळतं. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचं फडकं धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं हे हीटरवाल्या इंजिनाला करू नका. आतल्या आत भडका उडून पिस्टन फुटतो.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त. एअर क्लीनर उघडा. ऑइल बाथ असेल तर तेल खुणेपर्यंत आहे का आणि खाली चिखल किती साचलाय ते बघा. बागेत ओळीओळींतून धुळीत फिरणाऱ्या ट्रॅक्टरला कंपनीने सांगितलेले तास जास्त होतात, आधीच साफ करा.

गार इंजिनाचा पांढरा धूर दोन मिनिटांत गेला तर काळजी नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल न जळता बाहेर पडतंय. आयडलवर एकेका नोझलचा नट फडकं धरून सैल करा, चेहरा बाजूला ठेवा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. त्याचं नोझल लॅबमध्ये तपासायला द्या, तिन्ही नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि तिथे घरचं काम संपतं.

गरम होऊन थांबलं तर

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. गार होऊ द्या. बागेत पहिला संशय जाळीवर घ्या. ब्लोअरच्या वाऱ्याने उडालेली पानं, धूळ आणि औषधाचा थर रेडिएटरच्या फिन्सवर घट्ट बसतो. पाणी इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारा, हलक्या धारेने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर मारला तर फिन्स वाकतात. मग पट्टा: दोन पुल्यांच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालत राहिलात तर आत क्षार धरतात. कूलंट घाला.

पाणी परत परत कमी होत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केटमधून किंवा दुसरीकडून पाणी आत गेलंय, इंजिन चालू करू नका. ऑइलची पातळी वाढलेली, ऑइल पातळ आणि डिझेलचा वास, असं असेल तर फीड पंपाचा डायफ्रॅम किंवा पंपाचं सील फाटून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर चालवलं तर बेअरिंग जातात. कधीकधी इंजिन तेच ऑइल ओढून आपोआप वेग घेतं आणि किल्लीला जुमानत नाही. तसं झालं तर इंजिनात हवा जाते त्या तोंडावर लाकडाची फळी दाबून धरा. हात किंवा फडकं नाही, ते आत ओढलं जातं.

मेकॅनिकला बोलवायचं तेव्हा

निळा धूर, दुधाळ ऑइल, ठोक्याचा आवाज, किंवा पारदर्शक पाइपात एकही बुडबुडा नसताना आणि फिल्टर नवा असताना लोड न घेणं, ही मेकॅनिकची कामं. फोनवर ‘ट्रॅक्टर बंद पडतोय’ एवढंच सांगितलं तर तो रिकाम्या हाताने येतो. ‘चालू केल्यावर वीस मिनिटांनी, ब्लोअर लोडवर, दम सोडत बंद होतो, झाकण सैल ठेवून बघितलं, पाणी नाही, एअर काढली, फिल्टर बदलला’ असं सांगितलं तर येताना फीड पंपाचा किट घेऊनच येईल. पंप काढायचाच ठरला तर काढण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर छिन्नीने एक सरळ खूण करून घ्या, नसेल तर मोबाइलवर फोटो काढा. परत बसवताना ती खूण जुळली नाही तर टायमिंग हुकतं.